चोरलच्या खोऱ्यात सायकल नेण्याआधी

आमच्या इंदूरच्या मराठी घरांत चोरल म्हटलं की पावसाळी सहल, धबधबा आणि मक्याची कणसं आठवतात. मला आठवते ती नदीकाठची कच्ची वाट. खंडवा रस्त्यानं सिमरोल ओलांडून भेरूघाट उतरलं की चोरल गाव येतं आणि तिथून नदीच्या सोबतीनं कालाकुंडकडे, म्हणजे रेल्वेच्या घाटातल्या छोट्या स्टेशनाकडे, जाता येतं. कुठे मुरूम, कुठे सुटी खडी, कुठे नदीतलेच काळे गोटे, दोन्ही बाजूंना सागाचं रान. हॉर्न ऐकू येत नाही. पण जिथे गाड्या नाहीत तिथे पंक्चरवालाही नाही, मागून येऊन लिफ्ट देणाराही नाही आणि मोबाईलला रेंजही बहुतेक ठिकाणी नाही. त्यामुळे शहरात जे वाटेत निभतं ते इथे घरूनच करून न्यावं लागतं.

आधी दिवस ठरवा, सामान नंतर. जुलै ते सप्टेंबर या वाटेला जाऊ नका, हे मी अगदी हात जोडून सांगते. पाताळपाण्याचा धबधबा हा याच चोरल नदीचा. वर महूच्या पठारावर पाऊस कोसळला की ते सगळं पाणी खाली या अरुंद खोऱ्यात उतरतं, आणि खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर तेव्हा स्वच्छ ऊन असू शकतं. 2011 च्या जुलैत पाताळपाण्याला असाच लोंढा आला आणि सहलीला आलेली माणसं बघता बघता वाहून गेली. वाट नदी ओलांडून जाते, त्यामुळे जातानाचं पाणी येताना तेवढंच असेल हे पावसाळ्यात गृहीत धरता येत नाही. दिवाळी झाली, आठ-दहा दिवस कोरडे गेले की निघा. तेव्हा पाणी उथळ असतं आणि रान अजून हिरवं असतं. फेब्रुवारीनंतर साग पानं टाकतो, सावली जाते, आणि खोरं इंदूरपेक्षा बरंच खाली असल्यानं उकाडाही जास्त.

कोरडे दिवस मोजायला मी एका नोव्हेंबरात शिकले. आदल्या रात्री अवकाळी पडला होता, सकाळी लख्ख ऊन होतं, म्हणून आम्ही दोघी निघालो. वाट एका शेताच्या बांधाला लागली आणि पन्नास पावलांत सायकल जागच्या जागी थांबली. माळव्याची काळी माती टायरला चिकटते, त्यावर गवताच्या काड्या चिकटतात, त्यावर पुन्हा माती. बघता बघता चाक आणि फोर्क, म्हणजे चाक धरणारा दुशाखी दांडा, यांच्यामधली फट विटेसारखी बुजून गेली. काटकीनं उकरलं की चार फेऱ्यांत पुन्हा तेच. शेवटी सायकली खांद्यावर घेऊन मुरमापर्यंत आलो. तेव्हापासून माझ्या पिशवीत आईच्या स्वयंपाकघरातलं जुनं लाकडी उलथनं असतं. माती खरवडायला त्यासारखं काही नाही, आणि फ्रेमवर ओरखडाही उठत नाही.

टायर किमान 40 मिलिमीटरचे हवेत. एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची सायकल, असेल तर उत्तमच, खास खडीच्या वाटांसाठीची ग्रॅव्हल बाईक घेण्यासाठी अडून राहू नका. हवा मात्र रस्त्यावरच्याइतकी ठासून भरू नका. पासष्ट-सत्तर किलोच्या माणसानं 40 च्या टायरमध्ये ट्यूब असेल तर 35 ते 40 पीएसआयपासून (हे पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करावी, मागच्या चाकात थोडी जास्त. टायर कडक असला की खडीवर उसळतो, पकड सुटते आणि मनगटं भरून येतात. फारच सैल असला तर गोट्याच्या कडेवर रिमखाली चेमटून ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. काटे बाभळीचे आणि बोरीचे. म्हणून माणशी दोन ट्यूब, पॅच, टायर रिमवरून उचकायचे लिव्हर आणि हातपंप घ्या. ट्यूब बदलताना टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. काटा आत राहिला असेल तर कापूस तिथे अडकतो, आणि दुसरी ट्यूब वाचते. मागचं चाक काढून परत बसवणं घरच्या अंगणात दोनदा करून पाहिल्याशिवाय निघूच नका. माझ्या भाच्याकडे सगळी हत्यारं नवी कोरी होती, पण चेन कुठल्या दातावर ठेवून चाक काढायचं हे माहीत नव्हतं. अर्धा तास तिथेच गेला.

ब्रेक पॅडचा थर झिजून मिलिमीटरभर उरला असेल तर बदलून टाका. चेनची एक जोडकडी, म्हणजे क्विक लिंक, आपल्या गिअरच्या मापाची घ्या. नऊ गिअरची कडी दहाच्या चेनला बसत नाही. मल्टीटूलला चेन तोडायचं अवजार आहे ना, ते उघडून बघा. खडखडाटानं स्क्रू ढिले होतात, विशेषतः बाटलीच्या पिंजऱ्याचे आणि कॅरियरचे, म्हणून आदल्या रात्री सगळे आवळा आणि चार-पाच झिप टाय सोबत ठेवा.

पाणी माणशी तीन लिटर आणि ओआरएसची पाकिटं. नदीचं पाणी तोंडावर मारायला छान, प्यायला नको. सकाळी इंदुरात पोहे, शेव आणि वर जिरावण, म्हणजे इथला पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, असं पोटभर खा, पण दुपारची सोय आपली आपण करा. मेथीच्या दशम्या, दाण्याची कोरडी चटणी आणि गूळ-शेंगदाणे उन्हात टिकतात. कालाकुंड स्टेशनवर कलाकंद मिळतो आणि तो खावाच, मात्र जेवणाची भिस्त त्याच्यावर ठेवू नका.

नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. घरी वेळ सांगून ठेवा, तीही मोघम नको. आम्ही सांगतो, तीनपर्यंत चोरलहून फोन आला नाही तर आम्हाला शोधायला निघा. रानात बिबट्याचा वावर आहे आणि टेकड्यांमुळे ऊन लवकर उतरतं, त्यामुळे तीननंतर वाटेवर राहायचंच नाही. एकटं जाऊ नका. तिघं असाल तर बरं, एक जखमीजवळ थांबतो आणि एक मदतीला जातो. चोरलपर्यंत सायकली गाडीवर बांधून न्या. भेरूघाटातल्या वळणांवर ट्रकांच्या रांगेत पॅडल मारणं मला मुळीच मान्य नाही.

नदी ओलांडताना बूट पायातच ठेवा. गोट्यांवर शेवाळ असतं आणि अनवाणी पाऊल हमखास सरकतं. मोजे तेवढे काढून पिशवीत टाका. उतरून चाला आणि सायकल प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरा, म्हणजे पाण्याच्या जोरानं ती तुमच्या अंगावर येणार नाही. आधी रिकाम्या हातानं एकानं जाऊन यावं. पाणी गुडघ्याच्या वर लागलं तर तिथूनच परत फिरा.

कालाकुंडला रेल्वे दिसली की लहान मुलांसारखं होतं, माझंही होतं. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी या रेल्वेमार्गासाठी 1 कोटी रुपयांचं कर्ज दिलं आणि त्यातून हा घाट उभा राहिला. चढ 40 फुटांना 1 फूट, एवढा उभा. आता पाताळपाणी ते कालाकुंड अशी हेरिटेज गाडी डिसेंबर 2018 पासून सुरू झाली आहे. ती त्या दिवशी आहे का ते पाहून घ्या, कारण गाडी असली की स्टेशनात गर्दी होते. रुळांवरून, पुलावरून किंवा बोगद्यातून सायकल नेऊ नका. फोटोसाठीसुद्धा नको.

प्रथमोपचारात खरचटण्यासाठी जंतुनाशक, रुंद पट्टी आणि काटे काढायला चिमटा. सुटे पैसे. आणि घट्ट झाकणाचा एक रिकामा स्टीलचा डबा. कलाकंद पानात बांधून मिळतो, आणि परतीच्या खडीवर पिशवीत त्याचा चुरा होतो. घरी वाट पाहणाऱ्यांसाठी तो डब्यातून आणा.