सायकल ट्रॅक मागताय? या चुका टाळा

'आमच्या भागात सायकल ट्रॅक करा' असं निवेदन पुण्यातल्या कुठल्याही क्षेत्रीय कार्यालयाला नवीन नाही. मागणी रास्तच असते, पण आवक क्रमांक पडतो आणि कागद तिथेच थांबतो.

माझं पहिलं निवेदन असंच होतं. 'शाळेपर्यंतचा रस्ता सायकलसाठी सुरक्षित करावा', खाली चाळीस सह्या. अभियंत्यांनी वाचून विचारलं, "म्हणजे नेमकं काय करायचं? कुठून कुठपर्यंत?" मला सांगता आलं नाही. कामाला पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा तपशीलवार अंदाज, लागतो आणि पूर्वगणनपत्रकाला मोजमाप, हे तेव्हा कळलं. पुढच्या वेळी टेप घेऊन रस्त्यावर उतरलो. आधीपासून असलेला ट्रॅक बहुतेक ठिकाणी दोन मीटर रुंद, विजेच्या डीपीपाशी जेमतेम 80 सेंटीमीटर. चौकात ट्रॅक संपतो तिथे दहा सेंटीमीटरची उभी कड, उतार नाहीच. दोन चेंबरची झाकणं खचलेली. प्रत्येकाचा फोटो, शेजारच्या दुकानाची खूण आणि एकेका ओळीत काम: 'इथे उतार करा', 'झाकण पातळीला आणा'. उतार झाला, झाकणंही झाली. डीपी अजून तिथेच आहे, कारण ती हलवणं पथ विभागाच्या हातात नाही. वीज कंपनीसाठी वेगळा अर्ज तेव्हाच द्यायला हवा होता.

दुसरी चूक वेळेची. अंदाजपत्रकाच्या बातम्या फेब्रुवारी-मार्चमध्ये छापून आल्या की लोक धावतात. तोवर आकडे ठरलेले असतात. नागरिकांच्या सूचनांमधून कामं घेण्याची पद्धत पुणे महापालिकेत 2006 पासून आहे, पण अर्ज कित्येक महिने आधी मागवतात. पावसाळ्यातच कार्यालयात चौकशी सुरू करा. या सूचनांना बरीच वर्षं एका कामाला 5 लाखांची मर्यादा राहिली आहे. तेवढ्यात अख्खा ट्रॅक होत नाही. उतार, पट्टे, दिवे, सायकल स्टँड मात्र होतात. तेच मागा. महापालिकेच्या मुख्य सभेने 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर केला आहे. आपला रस्ता त्यात असेल तर अर्जात तसं ठळक लिहा.

तरतूद झाली म्हणून निश्चिंत होणं ही मला सगळ्यात महागात पडलेली चूक. अंदाजपत्रकात आमच्या कामाचं नाव पाहिलं, आनंद झाला आणि आम्ही सगळे घरी बसलो. निविदा निघालीच नाही आणि वर्ष संपता संपता ते पैसे वर्गीकरणाने, म्हणजे तरतूद वळवून, दुसऱ्या कामाकडे गेले. म्हणून दिवाळीच्या आत दोन प्रश्न विचाराच: पूर्वगणनपत्रक मंजूर झालं का आणि निविदा कधी? तोंडी उत्तर मिळत नसेल तर 10 रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा.

किलोमीटर मोजत बसू नका. सातारा रस्त्यावर बीआरटीबरोबर, म्हणजे बसच्या राखीव मार्गाबरोबर, ट्रॅक आले, लांबी भरपूर होती. पण ट्रॅक चौकापाशी तुटला की दहावीतली मुलगी थेट वळणाऱ्या बसच्या पुढ्यात येते. तिच्यासाठी दोन किलोमीटर ट्रॅकपेक्षा तो एक चौक नीट होणं जास्त गरजेचं आहे. दुचाकी घुसतात म्हणून खांब जवळजवळ बसवायलाही सांगू नका. सायकल जाते तिथून दुचाकीही जाते. अडकतात त्या तीनचाकी सायकली आणि हातगाड्या. मोटार अडवण्यापुरतं दीड मीटर अंतर पुरे.

आणि पदपथ कापून ट्रॅक मागू नका, कधीच. जागा रस्त्याकडेच्या पार्किंगमधून मागा.

दुकानदारांचा विरोध होणारच. एकदम पक्क्या कामाचा हट्ट धरलात तर तो वाढतो, तेव्हा आधी शंकू आणि रंगाचे पट्टे लावून तात्पुरता प्रयोग मागा. केंद्र सरकारने 2020 मध्ये सुरू केलेल्या 'इंडिया सायकल्स फॉर चेंज' स्पर्धेत शहरांनी असेच प्रयोग केले. 2021 मध्ये निवडलेल्या 11 शहरांत नागपूर आणि पिंपरी-चिंचवड होती. त्यांचे दाखले अर्जाला जोडा.

काम पूर्ण झालं की ठेकेदाराचा दोष दायित्व कालावधी किती, हे लेखी घ्या. पहिल्या मोठ्या पावसानंतर टेप आणि मोबाइल घेऊन परत त्याच रस्त्यावर जा. पेव्हर ब्लॉक कुठे खचले, पाणी कुठे तुंबलं, याचे फोटो तो कालावधी संपायच्या आत द्या. तोवर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते. नंतर पुन्हा तरतूद, पुन्हा निविदा.