कमरेचा आधार बसवताना
भोसरीतल्या आमच्या खुर्च्या बनवायच्या शेडमध्ये नवा पोरगा आला की मी त्याला लगेच फोम कापायला देत नाही. आधी स्टुलावर ताठ बसवतो नि पट्ट्याच्या जरा वर, कमरेच्या खोलगट भागाला हात लावायला सांगतो. खुर्चीच्या पाठीचा आधार तिथंच हवा. तिथल्या पाच मणक्यांची कमान आत वळलेली असते. बसल्यावर खुब्याची हाडं मागे कलंडतात आणि ही कमान सपाट होते.

मग त्या जागेची उंची मोजायची, पण माणूस बसवून, दबलेल्या गादीपासून वर. कोऱ्या गादीपासून मोजलं म्हणून माझा पहिला साचा भंगारात गेला. आधाराच्या उशीचा मध्य गादीपासून साधारण 15 ते 25 सेंटिमीटरच्या दरम्यान वरखाली सरकावा. पुढे-मागे दोन-तीन सेंटिमीटर पुरेत; जास्त फुगवटा पाठीत गुडघा रोवल्यासारखा लागतो. उशीखाली मोकळी जागा सोडा, नाहीतर बूड मागे सरकत नाही.

उशी सरकवायचा खटका बसल्या जागी हाताला लागावा. उठून स्क्रू पिळावा लागला तर कुणी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. नमुना झाला की सर्वांत बुटक्या नि सर्वांत उंच माणसाला तासभर बसवा. आमच्याकडे आई आणि भाचा. आई मात्र खुर्चीतही मांडी घालते, त्यावर तोड अजून सापडलेली नाही.