बैलाचे दात बघता, मग कुत्र्या-मांजराचं तोंड कसं बघाल?

बैलबाजारात उभ्याउभ्या बैलाचा ओठ वर करून 'दोदाती हाय', 'जुळला हाय' (म्हणजे सगळे दात आले) असं दातांवरून वय सांगणारी माणसं आपल्याकडे गावोगाव सापडतात. त्यांनाच विचारा, बाप्पा, तुमच्यासोबत वावरात जागलीला येणाऱ्या कुत्र्याला दात किती? गडी डोकं खाजवतो. मलाही अनेक वर्षं माहीत नव्हतं. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला ४२ दात असतात आणि मांजराला ३०.

बैलाचा अनुभव इथं फारसा कामी येत नाही. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, नुसती टणक गादी असते, आणि रवंथ करताना त्याचा जबडा आडवा फिरतो. कुत्र्या-मांजराचा जबडा कात्रीसारखा फक्त वर-खाली चालतो. ही जनावरं घास दळत नाहीत. कापतात, फाडतात आणि गिळतात.

आधी लांबूनच बघा

ही पायरी कधीच गाळू नका. कुत्र्याचा खालचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, पाणी गिळता येत नाही, आवाज घोगरा झालाय, असं दिसलं की घरचे म्हणतात, 'घशात हाडूक अडकलं वाटते' आणि कोणीतरी बाही वर करून हात घालतो. पिसाळलेलं कुत्रं दरवेळी अंगावर धावून येतंच असं नाही. रेबीजच्या एका प्रकारात जबड्याचे आणि घशाचे स्नायू लुळे पडतात आणि कुत्रं गुपचूप कोपऱ्यात बसून राहतं. त्याच्या लाळेत विषाणू असतो. अशा वेळी हात घालायचा नाही, पोरांना जवळ जाऊ द्यायचं नाही, जनावरांच्या डॉक्टरला बोलवायचं. गाय-बैलही असेच पिसाळतात, म्हणून त्यांच्या घशात हात घालून बघणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. लाळ जखमेला किंवा खरचटल्यावर लागली असेल, तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन सुरू करा. हळद-चुना नको, मिरची तर नकोच.

धरायचं कसं

जनावर चांगलं असतानाच सवय लावा. दुखायला लागल्यावर पहिल्यांदा तोंड उघडायला गेलात तर ते चावेल, आणि त्यात त्याची चूक नाही. जेवताना हात लावू नका. कुत्र्याच्या समोर न बसता बाजूला बसा. मांजर असेल तर डोकं तेवढं बाहेर ठेवून बाकी अंग दुपट्ट्यात घट्ट गुंडाळा. तिचे दात परवडले, पंजे नाही.

ओठ वर करा, तोंड बंदच राहू द्या

निम्मं तर इथंच कळतं. हिरडी गुलाबी आणि ओलसर हवी. बोटानं दाबून सोडली की ती जागा पांढरी पडते आणि २ सेकंदांच्या आत परत गुलाबी होते. वेळ लागत असेल तर रक्ताभिसरण ठीक नाही. हिरडी फिकट, चुन्यासारखी असेल तर रक्त कमी झालंय. आपल्याकडे त्यामागे बहुतेक वेळा गोचिडांतून आलेला ताप किंवा पोटातले जंत निघतात. पिवळी म्हणजे कावीळ. निळसर म्हणजे श्वास पुरत नाही, एक मिनिटही घालवू नका. काही कुत्र्यांची हिरडी जन्मतः काळी असते. तिथं डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा.

आता दात. पुढे वर सहा, खाली सहा बारके, त्यांच्या बाजूला सुळे. गालाकडे सरका, तिथं वरच्या बाजूला एक दात सगळ्यांत मोठा दिसेल. मांस कापायचा दात तो हाच. लाळेची एक नळी गालातून नेमकी याच्याजवळ उघडते, म्हणून पिवळा-तपकिरी थर आधी इथंच चढतो. भाकर-दूध खाणाऱ्या कुत्र्यात मी तो हमखास बघितलाय. कुत्र्याच्या या दाताला तीन मुळं असतात आणि ती डोळ्याखालपर्यंत जातात. त्यामुळे डोळ्याखाली गाठ येऊन फुटली, मलम लावलं, परत फुटली, असं चाललं असेल तर दुखणं डोळ्याचं नसून दाताचं असू शकतं. चढलेला थर खिळ्यानं, पेचकसानं खरवडू नका. डॉक्टर भूल देऊन काढतात. थर चढायच्या आधी बोटाला ओलं फडकं गुंडाळून दात पुसले तर चालतं, पण आपली टूथपेस्ट नको, कारण त्यांना चूळ भरता येत नाही आणि ती पोटात जाते.

दातावरून वय? पिल्लाचं सांगता येतं. कुत्र्याच्या पिल्लाला २८ दुधाचे दात, मांजराच्या पिल्लाला २६. चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांत सगळे पक्के येतात. त्यानंतर बैलासारखा हिशेब लागत नाही, नुसता अंदाज.

मग तोंड उघडा

एका हातानं वरचा जबडा सुळ्यांच्या मागून धरा, दुसऱ्या हाताचं बोट खालच्या पुढच्या दातांवर ठेवून हळूच दाबा. ब्याटरी दुसऱ्याला धरायला सांगा. टाळूवर आडव्या वळ्या दिसतील, त्या असतातच. डाव्या-उजव्या दाढांच्या मधे टाळूला हाडाचा किंवा काडीचा तुकडा आडवा फसलेला असू शकतो. धडधाकट कुत्रं अचानक पंजानं तोंड ओरबाडायला लागलं तर बहुधा हेच असतं. हिवाळ्यात गवत वाळलं की जिभेत आणि हिरडीत कुसळंही रुततात.

जीभ उचलून खालीही बघा. कुत्र्याच्या जिभेच्या टोकाला खालून मधोमध एक चिवट दोरीसारखा भाग लागतो. जुन्या काळी युरोपात लोक त्याला किडा समजायचे आणि कुत्रं पिसाळू नये म्हणून कापून काढायचे!

मांजराची जीभ खरखरीत असते, कारण तिच्यावरचे बारीक काटे घशाकडे वळलेले असतात. दोरा एकदा त्यांत अडकला की मांजराला थुंकता येत नाही, तो आतच सरकतो. आमच्या मांजरीच्या तोंडातून गोधडीचा दोरा लोंबत होता, मी शहाण्यासारखा ओढला. थोडक्यात निभावलं. दोऱ्याचं एक टोक जिभेच्या बुडाशी गुंतलेलं आणि दुसरं आतड्यात असेल, तर नाडी ओढल्यावर पायजमा चुणतो तसं आतडं चुणतं आणि दोरा ते कापतो. दोरा असो की संक्रांतीचा मांजा, ओढायचा नाही, तसाच ठेवून दवाखाना गाठायचा.

घसा, आणि औषध पाजणं

घशात दोन वाटा एकमेकींना छेदतात. नाकातून आलेली हवा पुढच्या श्वासनळीत जाते आणि तोंडातून आलेला घास मागच्या अन्ननळीत. गिळताना श्वासनळीच्या तोंडावर एक पातळ पडदा झाकण घालतो. बैलाला पाजतो तसं मान वर करून नळीनं औषध ओतलं तर या झाकणाला वेळच मिळत नाही, औषध फुप्फुसात उतरतं. म्हणून सुई काढलेली सिरिंज ओठाच्या कोपऱ्यातून गाल आणि दातांच्या मधे घाला, डोकं सरळ ठेवा, थोडंथोडं सोडा आणि प्रत्येक वेळी गिळू द्या. घरातली तापाची पॅरासिटामॉल मांजराला चुकूनही नको, तिनं मांजर मरतं.

गोळी जिभेच्या अगदी मागे ठेवून तोंड मिटा आणि गळा खालच्या दिशेनं चोळा. मांजराला गोळीमागून थोडं पाणी द्याच, कोरडी गोळी अन्ननळीत चिकटून तिथं जखम करते. जीभ बाहेर काढून नाक चाटलं की समजा, गोळी खाली गेली.