हळदीचा पाला पिकला की रोगानं गेला? काढणीआधी असं ओळखा

पौष लागला की कृष्णाकाठच्या रानांत हळदीचा पाला पिवळा पडू लागतो आणि औषधाच्या दुकानात गर्दी होते. फवारणीचे पैसे घालण्याआधी पिकाचं वय बघा. शेतकी कॉलेजात याला सेनेसन्स म्हणतात : पेशी, पान किंवा अख्खं पीक वयानं उतरणीला लागणं. रोगानं किंवा पाण्याविना सुकणं त्यात धरत नाहीत. या काळात पान आपलं हरितद्रव्य मोडतं आणि त्यातलं नत्र, पालाश खाली कंदाकडं धाडतं. माणसाच्या पेशींनाही शास्त्रज्ञ हाच शब्द लावतात. घरच्या आजोबांना मात्र कोणी लावत नाही, लावूही नये.

आधी लागणीची तारीख काढा. सेलम जातीला साडेआठ ते नऊ महिने लागतात. म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपासची लागण माघात तयार होते. दिवाळीतच पाला पिवळा दिसला तर ते वय नव्हे.

मग पिवळेपणा कुठून चढतोय ते वाकून बघा. बुडाची जुनी पानं आधी आणि प्लॉटभर साधारण सारखी पिवळी होत असतील, तर पीक पिकतंय. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर लोह कमी पडलंय. चुनखडीच्या रानात हे हमखास होतं. पानावर तपकिरी ठिपके असले तर करपा. आणि रानात मधेच एखादा पट्टा पिवळा पडला असेल, तर तिथला फुटवा धरून ओढा. तो अलगद हातात आला, बुड लिबलिबीत लागलं आणि घाण वास आला, तर कंदकूज आहे. थांबू नका, कृषी सहायकाला रानात बोलवा.

पीक पिकतंय याची खात्री झाली की पाणी तोडा. हलक्या रानात काढणीआधी 15 दिवस, भारी काळ्या रानात महिनाभर. ओल राहिली तर कंदाला नवे कोंब फुटतात. हलक्या रानात पाला पार वाळतो. भारी रानात 60-70 टक्के वाळला तरी पीक तयार धरा. तिथं शंभर टक्क्यांची वाट बघण्यात अर्थ नाही.

पाला जमिनीपासून इंचभर ठेवून विळ्यानं कापा, बांधावर गोळा करा आणि रान चार-पाच दिवस तापू द्या. भेगा पडल्या की कुदळ लावा. शेजाऱ्यानं काढली म्हणून आठव्या महिन्यातच हात घालू नका : ओली हळद टपोरी दिसते, पण शिजवून वाळवल्यावर उतारा मार खातो आणि सांगलीच्या सौद्यात ते लपत नाही.

काढताना जेठे गड्डे (ज्यांना हळकुंडं फुटतात ते मोठे मूळ कंद) बाजूला घ्या आणि बेण्यासाठी सावलीत ठेवा. हळकुंडं वेगळी करून लवकरात लवकर शिजवायला घाला.