हस्तिदंत असलेली जुनी वस्तू विकायला काढण्याआधी

"फार जुनी आहे हो, आजेसासऱ्यांच्या वेळची," असं सांगत लोक माझ्याकडे दुरुस्तीला वस्तू आणतात. कायद्याला आजेसासरे चालत नाहीत, कागद लागतो.

आधी भिंग घ्या. सध्या माझ्या टेबलावर चांदीची चहाची किटली आहे. मूठ तापू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना पातळ पांढऱ्या चकत्या बसवल्यात. आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसली, तर हत्ती किंवा मॅमथ. बारीक काळपट ठिपके म्हणजे हाड. अगदी एकसारख्या समांतर रेषा बहुधा सेल्युलॉइडच्या, म्हणजे हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या जुन्या प्लास्टिकच्या. तापलेली सुई टोचून बघायचा उद्योग करू नका, डाग कायमचा राहतो.

मग बघायचं, विकायची कुठे. ब्रिटनमध्ये ६ जून २०२२ पासून बंदी आहे. नुसती जाहिरात दिली तरी गुन्हा. सूट मोजकीच. माझ्या किटलीला लागू पडेल ती अशी: वस्तू ३ मार्च १९४७ पूर्वीची, हस्तिदंत घनफळाच्या १० टक्क्यांहून कमी आणि तो काढला तर वस्तूचं नुकसान होईल असा. वाद्यांना १९७५ पूर्वीची अट आणि २० टक्के. नोंदणी आधी, सौदा नंतर; आणि नवा मालक पुढे विकणार असेल तर त्याने पुन्हा नोंदणी करायची.

अमेरिकेत अँटिक म्हणून सूट हवी तर वस्तू शंभर वर्षांची हवी, आणि २७ डिसेंबर १९७३ नंतर तिच्यात संरक्षित प्राण्याचा नवा तुकडा बसवलेला नको. इथेच मी एकदा तोंडघशी पडले. तडकलेल्या चकतीच्या जागी मोडक्या पियानोच्या पट्टीतला जुना तुकडा मोठ्या हौसेने बसवला. काम सुबक झालं, सूट गेली. शिवाय तिथे राज्यांचे कायदे वेगळे, ते आणखी कडक असू शकतात.

भारतात टक्केवारीचा हिशोबच नको: विक्री बंद. मालकीचं प्रमाणपत्र असलं तरी विकता येत नाही. वारसाने मिळाली तर ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवायचं.

सीमा ओलांडायची तर साइटिसचे (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवाने माल निघण्याआधी हातात हवेत. आशियाई हत्ती १९७५ पासून सर्वात कडक यादीत आहे, आफ्रिकी १९९० पासून, पण काही देशांतले आफ्रिकी हत्ती नंतर त्या यादीतून खालच्या यादीत गेले. काही देश परवाना असूनही घेत नाहीत, म्हणून पलीकडे आधी विचारा.

किटलीची पावती १९३१ ची निघाली, मुठीच्या वर्णनासकट. फोटो काढून चकत्यांना हात न लावता ती परत पाठवतेय.