बालवाचनालयातली मांडणी: या चुका टाळा

एका पावसाळ्यात आमच्या बालविभागातलं टेबल मी मन लावून सजवलं होतं. कार्डशीटच्या छत्र्या, निळ्या पताका, दोऱ्याला टांगलेले कापसाचे ढग. पालक थांबून कौतुक करायचे. आठवड्यानं देवघेवीची वही पाहिली, तर त्या टेबलावरचं एकही पुस्तक कुणी घरी नेलेलं नव्हतं. मग एक मुलगी दिसली. तिनं पुस्तकाकडे हात नेला, ढग हलला, तिनं चटकन हात मागे घेतला. आपल्या हातून काहीतरी मोडेल, अशी भीती तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

निम्मे ढग तेव्हाच उतरवले. ‘घरी न्यायची पुस्तकं’ अशी ठळक पाटी लावली आणि एक स्टँड मुद्दाम रिकामा ठेवला. कुणीतरी आधी पुस्तक नेलंय हे दिसलं की बाकीच्यांची भीड चेपते. सात-आठ पुस्तकं मात्र कपाटात तयार ठेवा, नाहीतर दोन दिवसांत टेबल ओकंबोकं.

फलक आपल्या नजरेच्या उंचीवर लावणं ही तर नेहमीचीच चूक. पहिलीतल्या मुलाची नजर जमिनीपासून जेमतेम मीटरभर उंचीवर असते. गुडघ्यांवर बसून बघा, काय दिसतं ते. चित्रपुस्तकांचे कणे इतके बारीक असतात की त्यावर वाचण्यासारखं काही नसतंच, म्हणून मुखपृष्ठ समोर हवं.

मुखपृष्ठाला चिकटपट्टी कधीही लावू नका. डिंक पिवळा पडतो, काढताना छपाई सोलून येते. फलकावर रंगीत झेरॉक्स लावा, पुस्तक खाली ठेवा. पश्चिमेच्या खिडकीत तर नकोच. उन्हानं लाल-पिवळे रंग आधी उडतात. थर्माकोलही नको, सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे.

१५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, डॉ. कलामांचा हार घातलेला फोटो मधोमध आणि पुस्तकं कोपऱ्यात, असं फार ठिकाणी होतं. मला ते खटकतं. फोटो लहान ठेवून भोवती रॉकेट, पक्षी, आकाश यांची पुस्तकं मांडा. आणि दिवाळीची सुट्टी संपायच्या आत मांडणी बदला.

वाचनालयात ड्युई पद्धतीनं प्रत्येक विषयाला एक आकडा असतो, पण कपाटावर नुसतं ‘५९०’ लिहून मुलांना काय कळणार? आम्ही आकड्याशेजारी वाघ काढला, खाली ‘प्राणी’ लिहिलं. ‘३९८’पाशी चांदोबा आणि ‘लोककथा’. आता छोटी मंडळी विचारायला येत नाहीत, थेट वाघाकडे जातात.