कुंडीतल्या मिरचीला वाफसा हवा

मिरचीचे बी पेरल्यापासून पहिली कळी दिसेपर्यंत साधारण दोन ते अडीच महिने जातात. या काळात रोप मुळे, खोड, फांद्या आणि पाने तयार करते आणि पुढे लागणाऱ्या मिरच्यांचा सगळा भार याच सांगाड्यावर पडतो. घरच्या कुंडीत ही शाकीय वाढ बिघडते ती बहुतेक वेळा खताच्या कमतरतेने नव्हे, तर मायेने रोज घातलेल्या पाण्याने.

मी पहिल्या वर्षी हेच केले होते. रोज संध्याकाळी प्रत्येक कुंडीत एक तांब्या पाणी घालण्याचा माझा नेम होता. जुलैमध्ये एका रोपाची पाने मलूल झाली, म्हणून मी आणखी पाणी घातले. चार दिवसांनी रोप उपटून पाहिले तेव्हा मुळे तपकिरी पडली होती, चिमटीत धरताच त्यांची साल सुटून येत होती आणि मातीला आंबूस वास येत होता. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या, तर मुळे गुदमरतात, त्यांचे पाणी शोषण्याचे काम थांबते आणि भोवती पाणी असूनही पाने माना टाकतात. म्हणून तहानलेले रोप आणि बुडालेले रोप वरून सारखेच दिसते.

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असल्याची स्थिती, ती कुंडीतही साधता येते. त्याची सुरुवात मातीपासून होते. नुसती काळी माती कुंडीत दगडासारखी बसते. म्हणून एक भाग पोयटा किंवा लाल माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग भिजवून मोकळे केलेले कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असे मिश्रण घ्यावे. एका रोपासाठी दहा ते बारा इंची कुंडी पुरते. तळाशी छिद्रे असावीत आणि मोठ्या छिद्रावर खापरीचा एक तुकडा पालथा ठेवावा, एवढे पुरे. तळाशी खडीचा जाड थर घालण्याची पद्धत सर्रास दिसते, पण ती मला पटत नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये सहज उतरत नाही, ते थराच्या वरच साठते आणि मुळांच्या वाट्याची जागा मात्र कमी होते.

बी ट्रेमध्ये किंवा कागदी पेल्यात पेरून, चार ते सहा खरी पाने (उगवताना दिसणाऱ्या पहिल्या दोन बीजपानांनंतरची) आल्यावर रोप कुंडीत हलवावे. लहान रोपाला मोठ्या कुंडीत भरपूर पाणी दिल्यास त्याची इवलीशी मुळे ते ओढू शकत नाहीत आणि रोप जमिनीलगत कुजून कोलमडते. पहिले दोन आठवडे पाणी खोडाभोवती वीतभर वर्तुळातच द्यावे, आणि मुळे पसरतील तसे वर्तुळ वाढवावे.

पाणी कधी द्यायचे याचे उत्तर घड्याळात नसते. मातीत बोट दोन पेरे खुपसून पाहावे. आत गारवा लागला आणि कण बोटाला चिकटले, तर त्या दिवशी पाणी देऊ नये. याहून भरवशाची खूण म्हणजे कुंडीचे वजन. पोटभर पाणी दिल्यावर कुंडी एका बाजूने किंचित उचलून ते वजन हाताला ओळखीचे करून घ्यावे, आणि पुढे रोज सकाळी तशीच उचलून पाहावी; आठवडाभरात हाताला फरक कळू लागतो. कोकोपीट वरून कोरडे आणि आत ओले असू शकते, तेव्हा नुसत्या नजरेवर विसंबू नये.

पाणी द्यायचे तेव्हा मात्र पोटभर द्यावे. सावकाश, दोन टप्प्यांत, तळातून थोडे पाणी निथळेपर्यंत घालावे आणि खालच्या ताटलीत साचलेले अर्ध्या तासाने ओतून टाकावे. रोज वरवर शिंपडल्यास मुळे वरच्या थरातच रेंगाळतात आणि वैशाखातल्या एका उन्हाने होरपळतात. कुंडी अगदीच सुकली असेल, तर माती आक्रसून कडेला फट पडते आणि घातलेले पाणी मातीला न भिजवताच त्या फटीतून निघून जाते. अशी कुंडी वीस-पंचवीस मिनिटे पाण्याच्या घमेल्यात ठेवावी, म्हणजे खालून ओल चढते. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्यांना मातीवर पांढरा थर दिसेल. तो खरवडून काढावा आणि शक्य तेव्हा पावसाच्या पाण्याने कुंडी धुऊन निघू द्यावी.

एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या प्लास्टिकच्या कुंडीला रोज, क्वचित दोनदाही पाणी लागते. पावसाळ्यात आठवडाभर न लागणेही शक्य आहे. भर दुपारी पाने लोंबली, तरी लगेच तांब्या उचलू नये. मुळे ओढतात त्याहून जास्त पाणी पानांतून उडून जात असल्याने ती सैल पडतात आणि ऊन उतरताच पूर्ववत होतात. सकाळी सातलाही पाने लोंबलेली दिसली, तर माती तपासावी. मातीवर वाळलेल्या पाल्याचे दोन बोटे जाडीचे आच्छादन केल्यास ओल बरीच टिकते. ते खोडाला टेकू देऊ नये.

रोप वीतभर उंच झाले की शेंडा खुडावा. शेंड्याचा जोर ओसरला की पानांच्या बेचक्यांतले डोळे फुटतात आणि उंच काडीऐवजी झुडूप तयार होते. मात्र रोप मलूल असताना खुडू नये. दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत वरच्या मातीत मिसळावे आणि तेही ओल्या मातीतच. नत्र कमी पडले की आधी खालची जुनी पाने पिवळी होतात. कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसल्या, तर लोहाची उणीव असते, आणि ती पुष्कळदा मातीत लोह नसल्यामुळे नव्हे, तर जड पाण्यामुळे ते मुळांना घेता येत नसल्यामुळे उद्भवते. पाने वरच्या बाजूला वळून होडीसारखी झाली, तर फुलकिडे शोधावेत, आणि खाली वळली तर कोळी ही डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड. पान उलटून भिंगातून पाहिल्याशिवाय फवारणी करू नये.

फांद्या भरण्याआधीच एखादी कळी येते. ती खुडताना जीव कासावीस होतो हे खरे, पण रोप फूटभर उंच आणि निदान चार-पाच फांद्यांचे होईपर्यंत पहिल्या कळ्या काढाव्यात. त्यानंतर आलेल्या कळ्या राहू द्याव्यात आणि त्या दिवसापासून माती पूर्ण सुकण्याची वेळ येऊ देऊ नये, कारण पाण्याचा ताण बसला की मिरची सर्वांत आधी फुले टाकते.